तळहाताएवढी भाकरी

आधी शेवंताकाकूचं नाव घेते. बाकीचं मागाहून. लिहिता लिहिता मी मध्येच अडले आणि कागद घडी करून डब्याखाली सरकवला, तरी एवढं एक नाव लिहिलेलं राहील. शेवंताकाकू आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. मी दहावीत होते त्या हिवाळ्यात तिनं मला खाऊ घातलं. प्रार्थनेला उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची ती थांबली, फळ्यावरची अक्षरं सरळ दिसायला लागली, ते तिच्यामुळं.

खिचडी लहान वर्गांना असायची. वरच्या वर्गातल्या आम्हा पोरींना ती नव्हती. पण लहान पोरं ताटल्या धुऊन गेली की काकू पातेलं तिरपं करायची आणि बुडाला लागलेली खरवड उलथन्यानं काढायची. पिवळी, कडेला तांबूस, मध्येमध्ये काळी, एखादा वाटाणा चिकटलेली. वहीच्या कागदावर ती घेऊन काकू खिचडीच्या शेडच्या मागं यायची आणि मला हाक न मारता नुसती दोनदा खोकायची. तो खोकला मला वर्गात ऐकू यायचा. पाणी प्यायला जाते म्हणून मी उठायचे. शेडच्या मागं पऱ्हाट्याच्या मोळ्या रचलेल्या असत, जुन्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. कापसाच्या त्या वाळक्या काड्या पायाला टोचायच्या, तरी त्यांच्यावर बसून मी खायचे. गरम, खारट, जराशी कडू खरवड. आजही जवळपास कुणी दोनदा खोकलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. वय पस्तीस, रोज चाळीस पोरींचा स्वयंपाक ह्याच हातांनी करते, आणि खोकल्यानं तोंडाला पाणी सुटतं. हसण्यासारखंच आहे.

मी आता बेंगलोरला असते. नवरा पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात आहे, मी पोरींच्या एका पीजीत स्वयंपाकाला. आपल्या तिकडच्या बऱ्याच पोरी इथं शिकायला, नोकरीला येतात. त्यांना माझ्या हातचं पिठलं लागतं म्हणून मालकानं मला धरून ठेवलं आहे. मागच्या आठवड्यात मानवतच्या किरणला घरून कुणाबरोबर तरी हुरडा आला. कापडी पिशवी, तोंडाला सुतळी, आत हिरवे कोवळे दाणे. "मावशी, तव्यावर परतून द्या ना," म्हणून ती माझ्या मागं लागली. मी तवा ठेवला आणि तेवढ्यात तिच्या आईचा मला फोन. तिला मूठभरच द्या म्हणाली. रात्रीचा भात बंद करा, पुढच्या वर्षी स्थळं बघायचीत, अंग सुटायलंय तिचं. मी बरं बरं म्हणत राहिले. किरण समोर ओट्याला टेकून उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं आणि ती तव्याकडं बघत होती.

फोन ठेवला तोवर खालचे दाणे करपले होते. त्या करपल्या वासानं मला उचललं आणि शाळेच्या शेडमागं नेऊन बसवलं.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनपासून पायी तासाभराचं. वारा तिकडचा असला की गाडीची शिट्टी ऐकू यायची, आणि त्या शिट्टीवर माय चूल पेटवायची. आबा पूर्णेच्या रस्त्यावर जीप चालवायचे. दीड एकर रान होतं, ते माय बघायची. तिला अक्षर जेमतेम लागायचं. पण विहारात बैठक असली की ती पोरांच्या शिक्षणाचं बोलणं पुढं बसून ऐकायची. घरी आल्यावर माझं दप्तर भिंतीच्या खुंटीला स्वतः अडकवायची, जमिनीवर राहू द्यायची नाही.

आणि हीच माय मला पोटभर जेवू घालत नव्हती.

मी शहाणी झाले त्या महिन्यापासून हे सुरू झालं. भाकऱ्या थापताना शेवटचा गोळा माझा असायचा. आबांची भाकरी तव्याच्या कडांना टेकायची. धाकट्या भावाची तशीच. माझी तळहाताएवढी. मात्र ती कधी वेडीवाकडी नसायची. गोल, पातळ, कडा न फाटलेली, पापुद्रा नीट फुगलेली. बाहुलीच्या खेळात मांडावी तशी ती माझ्या ताटलीत दिसायची आणि मला तिचा भयंकर राग यायचा. भाजीत शेंगदाण्याचं कूट असलं की माझ्या वाटीत वरचं पाणी. दूध भावाला. अंडं तर नावालाही नाही. तीळ-गूळ उष्ण, पपई उष्ण. थंडीतली सगळी चांगली चव कशी काय एकदम माझ्यापुरती उष्ण झाली, ते कळायचं नाही.

एकदा विचारलं होतं मी. चुलीपाशी बसले होते, तव्यावर माझीच भाकरी होती.

"माय, मला का गं एवढीच?"

"पोरीच्या जातीला लय खाणं बरं न्हाई," ती म्हणाली, आणि तोंड चुलीकडं केलं.

तेवढंच. पुढं मी कधी विचारलं नाही. मी तिच्याविरुद्ध मनात एक एक गोष्ट साठवत गेले. भावाच्या ताटातलं तूप. तिनं पूर्णेहून आणलेलं माझं शाळेचं कापड, जे मुद्दाम दोन मापं मोठं शिवून घेतलं आणि ज्यात मी खांबाला अडकवलेल्या सदऱ्यासारखी दिसायचे. दहावीत असून रिबिनी लावून वर बांधलेल्या दोन वेण्या. आणि सगळ्यात जास्त राग आला तो एका दुपारी. आबांच्या ओळखीचं कुणी घरी आलं, माझ्याकडं बघून म्हणालं, पोरगी कितवीला? माय पटकन म्हणाली, आठवीत हाय, बारकी हाय अजून. मी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाले, आठवीत कशाची, दहावीत हाय मी. पाहुणा हसला. मायनं माझ्याकडं अशी नजर टाकली की वाटलं आता थोबाडीत बसते. पण तिनं मारलं नाही. पाहुणे गेल्यावर ती बराच वेळ दारात उभी राहून रस्त्याकडं बघत राहिली.

इतकं सगळं डोळ्यांसमोर होतं. एखाद्या शहाण्या पोरीला कळलं असतं. मला भूक लागली होती. पोट रिकामं असलं की दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही, असं मी आज म्हणते. पण ही सुद्धा पळवाट असेल.

मग हुरड्याचे दिवस आले. पहाटे तुरीवर दव, दुपारी ऊन अंगाला गोड लागणारं, आणि जवारीची कणसं दाण्यांत दूध धरलेली. सेलूहून आत्या आली. आबांची थोरली बहीण. तिच्या मालकांचं जिनिंगमध्ये काम, घर बऱ्यापैकी, आणि आबा तिच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. अंगानं भरदार, मोठ्यानं हसणारी, येताना पिशवी भरून काहीतरी आणणारी. मला ती फार आवडायची. आत्यानं वाईट केलं असं मला आजही म्हणवत नाही. तिला जे चांगलं वाटलं तेच तिनं माझ्यासाठी केलं.

रानात आबांनी खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या. कणसं निखाऱ्यात खुपसायची, वाफाळली की बाहेर काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारायची. हात पोळतात, आणि पोळलेल्या हाताचा तो वास दिवसभर जात नाही. शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे, एका गाडग्यात दही. आत्यानं मला जवळ ओढलं, मनगट दोन बोटांत धरलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"ही पोरगी हाय का पऱ्हाटीची काडी? दहावीला बसायली का पहिलीला?"

सगळे हसले. मी पण हसले आणि पसाभर दाणे, वर गुळाचा मोठा खडा, असं तोंडाशी नेलं. तेवढ्यात मायनं माझ्या हातातला गूळ काढून घेतला. बास आता म्हणाली, पोट दुखंल.

त्या गुळाच्या खड्यानं माझं सगळं साठवलेलं बाहेर काढलं. मी आत्याकडं बघून बोलले, मायकडं नाही.

"पोट दुखायला पोटात काही असावं लागतंय, आत्या. माय मला उपाशी ठेवती. शाळेतली शेवंताकाकू खरवड देती म्हणून जित्ती हाय मी."

कणसं चोळणारे हात थांबले. वारा फिरला आणि धूर मायच्या बाजूला गेला. तिनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, धुरानं.

आत्या आबांना काय काय बोलली ते सगळं आठवत नाही. आपल्या घरची लेक लोकाच्या पातेल्याची खरवड खायली, हे वाक्य आठवतं, कारण त्यावर आबांची मान खाली गेली. त्यांनी मायला तिथंच विचारलं, का गं, काय कमी हाय घरात? माय काहीच बोलली नाही. एक शब्द बोलली असती तर. पण कोणासमोर बोलणार होती, आणि काय म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी स्वतः लक्ष घातलं. जीपच्या पुढच्या सीटवर कागदात गुंडाळलेली अंडी यायला लागली. शेजारच्या वाड्यावर शेरडं होती, तिथून दूध सुरू झालं. संध्याकाळी आबा समोर बसून विचारायचे, दूध घेतलं का? काल एकजण मी काय खाऊ नये ते ठरवत होतं, आज दुसरं मी काय खावं ते ठरवत होतं. मला तेव्हा तसं वाटलं नाही. मला आनंद झाला होता. त्या तव्यावर तळहाताएवढी भाकरी पुन्हा कधी पडली नाही. सगळ्या भाकऱ्या एकाच मापाच्या. मी जिंकले होते.

शाळेत शेवंताकाकू त्यानंतरही खोकत राहिली. पहिल्या दिवशी दोनदा. दुसऱ्या दिवशी दोनदा, मग थांबून पुन्हा दोनदा. मी वर्गात बसून ते ऐकलं आणि वहीत लिहीत राहिले. डब्यात उकडलेलं अंडं होतं माझ्या. आता खरवडीसाठी कोण उठतं. पाच-सहा दिवसांनी तो खोकला बंद झाला. ह्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय बोचतं असं कुणी विचारलं, तर लोकांना वाटेल लग्नाचं सांगेन. मला तो वर्गातला तास बोचतो. मान वर न करणारी मी.

दोन महिन्यांत मी भरले. त्या वयात अंग वाढायला वेळ लागत नाही, आणि माझं तर कधीचं वाट बघत थांबलेलं. मोठा शिवलेला ड्रेस अंगाला नीट बसायला लागला. माघात आत्या पुन्हा आली. दारातच थांबून मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, आता कुठं पोरगी पोरीसारखी दिसायली. जेवण झाल्यावर तिनं स्थळ सांगितलं. तिच्या नात्यातला मुलगा, बेंगलोरला कामाला, निर्व्यसनी. त्याला मार्चात दहा दिवस सुट्टी होती.

तेव्हा माय बोलली. त्या सगळ्या हिवाळ्यात आत्याच्या शब्दाला ती उलट बोललेली मला ही एकच वेळ आठवते.

"बारकी हाय ओ आक्का ती अजून. परीक्षा तरी होऊ द्या."

"बारकी?" आत्या हसली. "बघ जरा तिच्याकडं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नंतर मी पण बघितलं, आतल्या खोलीत, हातभर आरशात. खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणीतरी मला मोठी म्हणत होतं. सासरी दुधातुपाला कमी नाही असं आत्या सांगत होती आणि माझ्या डोक्यात ताटं येत होती, भरलेली. परीक्षा नंतर देता येती, आत्या म्हणाली. आबांनी मान हलवली. मी नाही म्हणाले नाही. मला कुणी विचारलं नाही हे खरं, पण विचारलं असतं तरी मी काय म्हणाले असते, ह्याची मला खात्री नाही. वयाचा दाखला तर कुणीच मागितला नाही.

दोन पेपर दिले. मराठी आणि हिंदी. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मला हळद लागली. मुलींची टेम्पोत बसून केंद्रावर जायची गडबड मला मांडवातून ऐकू आली. एकीनं माझं नाव घेऊन हाक पण मारली, सवयीनं.

लग्नाच्या पंगतीत माय वाढत होती. बुंदीचं पातेलं कडेवर घेऊन ती माझ्या पुढ्यात आली आणि पळीभर वाढली. मी ती खाल्ली. ती फिरून परत आली, परत वाढली. तिसऱ्यांदा वाढताना मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, माय, नको आता. ती थांबली. माझ्या हाताकडं बघत राहिली. शहाणी झाल्यापासून त्या दिवसापर्यंत मायनं मला नको म्हणेस्तोवर वाढलेलं एवढंच. मला तेव्हा वाटलं, शेवटी वितळली. आणि तो विचार करतच मी गाडीत बसले.

नवरा चांगला निघाला. हे माझं नशीब, आत्याची हुशारी नव्हे. पण मी दोन पेपरांची बाई राहिले. इथं पीजीतल्या पोरी इंग्रजी बोलायला लागल्या की मी भांडी घासायला वळते. बँकेत कागद पुढं केला की सही कुठं करायची ते अजून मला विचारावं लागतं. मायला मी फोन करायचे, बोलणं व्हायचं, पाऊस, पाणी, तब्येत. त्या हिवाळ्याचं कधी निघालं नाही. ती माझ्याकडं एकदाच आली, प्रज्ञाच्या वेळी. माझ्या मुलीचं नाव प्रज्ञा. बाळंतपणात तिनं मला डिंक, खोबरं, मेथी, सगळं इतकं खाऊ घातलं की मी तिला टोमणा मारला. आता घालायलीस व्हय, म्हणाले. ती हसली. मला ते हसणं लाचार वाटलं होतं.

माय जाऊन चार वर्षं झाली. तिच्या जलदान विधीला गावात गेले होते. मागच्या अंगणात मोठ्या चुलीवर भात शिजत होता आणि शेवंताकाकू जाळ लावायला बसली होती. केस पांढरे, एका डोळ्यावर पडदा धरलेला. मी तिच्यापाशी जाऊन बसले. इतक्या वर्षांनी क्षमा मागायचं धाडस केलं. काकू, तू खोकायचीस अन् मी यायची नाही. तुझी खरवड खाऊन वाढले अन् विसरले, असं काहीतरी म्हणाले.

काकू जाळ सारत राहिली.

"तुला काय वाटलं, मी माझ्या मनानं द्यायचे?" ती म्हणाली. "तुझी माय आली होती. दिवाळीच्या आगंमागं. डोक्यावर पऱ्हाट्याची मोळी घिऊन."

मग तिनं सांगितलं. माय म्हणाली होती, शेवंता, पोरगी वाळायली, पण घरात मला देता येत न्हाई. अंग धरलं की आक्का स्थळ घिऊन उभी राहती. माझं काय झालं तुला ठावं हाय. दहावी होस्तोवर तिला बारकी दिसू दे. तू जिवापुरतं दे, अभ्यास होईल एवढं. अन् मी सांगितलं म्हणू नको. त्या बदल्यात माय दर शनिवारी शाळेच्या चुलीला एक मोळी टाकून जायची, मी यायच्या आत. काकूला सरपणाची तकलीफ व्हायची नाही. मोळी बांधायला तिच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या.

मी ज्यांच्यावर बसून खरवड खायचे त्या मोळ्या. ते हिरवं लुगडं मी लहानपणी पांघरलेलं होतं. आणि मी ओळखलं नव्हतं.

मायचं काय झालं होतं, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं; तेही काकूनंच सांगितलं. ती चौथीत होती. घरी चार म्हशी, दूधदुभतं, अंगानं थोराड दिसायला लागली. एका लग्नात कुणाच्या नजरेत भरली आणि तिची पाटी तिथंच राहिली. तिनं त्यातून एवढंच घेतलं, की पोरीचं अंग आधी दिसतं आणि पाटी कुणाला दिसत नाही. तर अंगच दिसू द्यायचं नाही. तिच्याजवळ दुसरं काय होतं? आबांना समजावणं नव्हतं, आक्कांपुढं बोलणं नव्हतं. परात होती आणि पीठ होतं. तिनं भाकरी लहान केली.

"मी म्हणलं तिला," काकू सांगत होती, "पोरीला सांग की समजावून. तर म्हणली, सांगितलं तर तिला स्वतःच्या अंगाची लाज वाटंल. उपाशी राहिली तर निस्ता माझा राग यील. राग यिऊ दे."

हुरड्याच्या त्या दिवसानंतर माय काकूकडं पुन्हा गेली नाही. काकूचं नाव मी चारचौघांत घेतलं, त्याची तिला शरम वाटली असावी. आणि काकूला वाटत राहिलं, आपल्या खरवडीनं पोरगी घालवली. दोघी एकाच गावात, एकाच हापशावर पाणी भरत, ह्याच एका गोष्टीवरून गप्प राहिल्या. मला मात्र इथं चारशे कोसांवर बसून वाटायचं, की त्या हिवाळ्यात दुःख एकटीलाच झालं, ते मला.

मायचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. वाढत्या पोरीला अर्धपोटी ठेवणं कशानंच बरोबर होत नाही. चाळीस पोरींना जेवू घालणाऱ्या बाईनं तरी ते म्हणू नये. मी भरले नसते तरी आत्यानं आणखी सहा महिन्यांनी स्थळ आणलंच असतं. पण सहा महिन्यांत परीक्षा झाली असती. एवढाच हिशोब तिनं मांडला होता, आणि तो एका गुळाच्या खड्यावरून मी मोडला. तिनं मला सांगायला हवं होतं. मी तिला परत विचारायला हवं होतं. चुलीपाशी बसलेल्या दोघींपैकी एकीनंही तोंड वळवलं नसतं तर.

आता माझ्या घरात दहावी आहे. प्रज्ञाचं हॉल तिकीट आलं तेव्हा मी त्यावरच्या पेपरांच्या तारखा बोटानं वाचत गेले आणि तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. इंग्रजी. ती म्हणाली, काय झालं मम्मी? मी म्हणाले, काही नाही, दूध पी.

हे माझं असंच चालतं. ती सडपातळ आहे आणि मला ते बघवत नाही. सकाळी बदाम, शाळेत जाताना पराठा, आल्यावर दूध, तिच्या वरणावर मी तूप ओतते आणि ती बोटानं बाजूला सारते. ताट संपेस्तोवर समोरून उठत नाही मी. एकदा तिनं दूध मोरीत ओतलेलं पकडलं तेव्हा मी तिला नको ते बोलले, तिकडं पोरी उपाशी शिकतात वगैरे. कोणत्या पोरी ते सांगितलं नाही.

किरणचा हुरडा करपला त्या दिवशी मी घरी आले ती तिरमिरीतच. ताट वाढलं, दोन मोठ्या भाकऱ्या, वर तूप. प्रज्ञानं पुस्तकातून डोकं वर केलं. चिडली पण नव्हती ती.

"मम्मी, मला भूक नाहीये. तुला लागली असेल तर तू खा."

मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते ताट माझ्याकडं ओढलं आणि तिच्यासमोर बसून खायला लागले. खाता खाता सांगायला लागले. तळहाताएवढ्या भाकरीपासून. रिबिनी, आठवीत हाय, गुळाचा खडा, मोळ्या. मध्ये तिनं एकच विचारलं, मग तू किती पेपर दिलेस? दोन, म्हणाले. तिनं हॉल तिकीट उचलून पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "उद्या मला आजीसारखी करून दे. तेवढीच पुरते मला."

दुसऱ्या दिवशी करायला घेतली. लहान गोळा, हलका हात. चाळीस पोरींच्या भाकऱ्या थापणारा माझा हात त्या एका भाकरीला जड पडला. सगळीकडून कडा फाटल्या. दोनदा मोडून केली, तरी फाटल्या. मायच्या कधी फाटल्या नाहीत. इतकी लहान भाकरी इतकी नीट थापायला किती जीव लावावा लागत असेल, हे मला माझ्या ओट्याशी, परातीवर वाकून उभी असताना कळलं. प्रज्ञानं ती फाटकी भाकरी खाल्ली. मग आपणहून अर्धी आणखी मागितली. मी तूप पुढं केलं नाही. विचारलं, घालू का? थोडंसं, म्हणाली.

काकू, हे तुला कुणीतरी वाचून दाखवील. गावातून फोन आला होता, तुझा दुसराही डोळा आता अंधुक झाला म्हणतात. तुझं देणं फेडायचं राहिलं आहे, आणि आता त्यात मायचंही मिसळलं आहे. उरलेले पेपर देईन असं वचन मी देत नाही. त्याची मला अजून भीती वाटते. पण पुढच्या हुरड्याला मी येणार, प्रज्ञाला घेऊन. मायचं ते हिरवं लुगडं जलदानाहून येताना मी आणलं, ते माझ्या पेटीत आहे, एका बाजूनं पट्ट्या फाडत फाडत अर्धं उरलेलं. त्याची एक पट्टी मी फाडणार, पऱ्हाट्याची मोळी बांधणार आणि डोक्यावरून तुझ्या चुलीपाशी आणून टाकणार. त्याच जाळावर तुझ्यासाठी खिचडी करीन आणि मुद्दाम बुडाला लागू देईन. तुला नीट दिसणार नाही कोण आलं ते, म्हणून घाबरू नकोस. मी हाक मारणार नाही. दारात उभी राहून दोनदा खोकेन.